दहा मण तंबाखू

उकंडरावांच्या आईची पहिली तीन मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथा झाला तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीनं एक पैसा देऊन विकत घेतलं आणि मग ‘हे आमचं नाहीच’ असं म्हणत ते पोर मागच्या दारानं घरात आणलं. देवाची नजर लागू नये म्हणून पोराची किंमत कमी सांगायची, एवढाच त्या रिवाजाचा अर्थ. पोर वाचलं, उकंडराव म्हणून वाढलं. पण एका पैशाची ती किंमत त्याच्या जिवाला कायमची लागली असावी. तोंडात शब्द यायला लागले तेव्हापासून या माणसानं कुठलीही गोष्ट आहे तेवढी म्हणून सांगितलीच नाही.

विहीर चार पुरुष खोल, तर हे सात सांगणार. मिरची पाच पोती झाली की चिखलीच्या बाजारात अकरा पोती विकून आल्याची बातमी गावभर. वाटेत धामण आडवी गेली तर घरी येईस्तोवर तिचा नाग झालेला असे, आणि त्यालाही फणे दोन. सत्यभामाबाईला या घरात येऊन बावीस वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं ती नवऱ्याचं बोलणं खरं मानून चालली, तिसऱ्या वर्षी तिनं कपाळाला हात लावला आणि पुढं हिशेबच बसवून टाकला. नवरा बोलेल त्याचा तिसरा हिस्सा धरायचा, बाकी वाऱ्यावर सोडायचं. अमडापूरच्या अलीकडचं ते दीडशे उंबऱ्यांचं गाव. गावालाही ही रीत ठाऊक होती, त्यामुळे गावात कुणाचं काही बिघडत नव्हतं. भीती एकच होती, ज्यांना रीत ठाऊक नाही अशा परक्या माणसांची. म्हणजे पाहुण्यांची, आणि सरकारची. त्या साली चैत्रात नेमके दोघंही एकाच वेळी ओसरीवर आले.

लढाईचं चौथं वर्ष चाललं होतं. लढाई कुठल्या मुलखात आहे हे गावात कुणाला धड सांगता येत नव्हतं, पण ती घरोघर बसलेली होती. रॉकेल चिठ्ठीवर मिळे, तेही अर्धी बाटली. लुगड्याची किंमत ऐकून बायका दुकानातून नुसत्या उठून येत. सुटे पैसे बाजारातून असे गायब झाले की वाणी चिल्लर म्हणून सुपाऱ्या हातावर ठेवायचा, आणि सरकारनं नवा पैसा काढला त्याला मधोमध भोक. तेवढं तांबंसुद्धा लढाईला लागत होतं म्हणे. इतकं करूनही दिल्लीच्या सरकारचा खर्च भागेना. अंदाजपत्रकात खड्डा पडला आणि तो बुजवायला सरकारची नजर फिरत फिरत गरिबाच्या चंचीवर येऊन थांबली. यंदापासून तंबाखूवर कर, ज्याच्या शेतात तंबाखू त्यानं ती सरकारी वहीत लिहून द्यावी, अशी दवंडी कोतवाल कडूबानं पिटली.

आता या गावात तंबाखूचं पीक असं कुणी घेतच नव्हतं. मळ्यात पाटाच्या कडेला चाळीस-पन्नास झाडं लावायची, पानं उन्हात वाळवायची, गुळाचं पाणी शिंपडून मडक्यात दाबायची, झालं. सत्यभामाबाईची तंबाखू मात्र नाव घेण्यासारखी असे. बी तिनं माहेराहून आणलेलं. झाडं तिनंच लावायची, शेंडे तिनंच खुडायचे, उकंडरावांनी त्या बाजूला पाऊल ठेवायचं नाही असा तिचा दंडक. साल निघेल एवढी म्हणजे दहा-अकरा शेर व्हायची. घरची, मजुरांची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चिमूट त्यातच. विकायची म्हणून एक पान तिनं कधी विकलं नाही. तंबाखू विकणं तिला विहिरीचं पाणी विकण्यासारखं वाटे.

दवंडी झाल्यावर गावानं जे पिढ्यान्‌पिढ्या केलं तेच केलं. सरकारी माणूस वही घेऊन विचारायला आला की जे असेल ते निम्मं सांगायचं. पीक विचारा, गुरं विचारा, उत्तर निम्मं. साहेबही ते दुप्पट धरूनच चालायचा, त्यामुळे शेवटी सगळं जिथल्या तिथं बसायचं. यंदा तर लोकांनी निम्म्यावरही थांबायचं नाही असं ठरवलं. मडकी कडब्याच्या गंजीत गेली, कणगीत गेली, एकाची तर देवघरात गेली.

त्याच आठवड्यात मोताळ्याकडचे रंगराव कोकिळेला बघायला आले. कोकिळा ही उकंडराव-सत्यभामाबाईची एकुलती लेक, सतरा पुरी झालेली. एवढी मोठी पोरगी घरात म्हणजे लोकांची तोंडं सुरू झालेलीच होती. रंगरावांचं घर चांगलं. मुलगा तुळशीराम खामगावच्या एका कापसाच्या जिनात कामाला, सुट्टी नाही म्हणून आला नव्हता. मागणं काहीच नाही, नारळ आणि मुलगी. एवढी सरळ सोयरीक सत्यभामाबाईनं तीन वर्षांत पाहिली नव्हती. ती सकाळपासून देवाला एकच सांगत होती, आजच्या दिवस यांच्या तोंडाला आवर घाल.

देवानं ऐकलं नाही. पोहे झाले, मुलगी पाहून झाली, तबकात तंबाखू-चुना आला. रंगरावांनी चिमूट मळली, दाढेखाली धरली आणि डोळे मिटून मान डोलावली. अशी तंबाखू आपण बारा वर्षांत खाल्ली नाही म्हणाले. बस, उकंडरावांच्या अंगात वारं शिरलं. नेमका त्याच वेळी कडूबाला पुढं घालून तंबाखूचा साहेब वही काखेत मारून ओसरीवर चढला. साहेब म्हणजे नागपूरकडून नव्यानं नेमलेला पंचविशीचा कारकून, पण गावाला वहीवाला प्रत्येक जण साहेबच. सकाळपासून चाळीस घरं फिरून त्याच्या वहीत जेमतेम दीड मण तंबाखू जमली होती. त्यानं कंटाळलेल्या सुरात विचारलं, तुमची किती?

उकंडरावांनी आधी व्याह्यांकडं पाहिलं. मग मांडी ठीक केली.

“लिवा सायेब, धा मण.”

दाराआड उभ्या सत्यभामाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. खरं म्हणजे तिनं तो पाडला, दणकन. नवऱ्यानं मागं वळून पाहावं, एवढीच तिची इच्छा. व्याह्यांसमोर बाहेर येऊन बोलायची सोय नव्हती. कडूबा खोकला, पुन्हा खोकला, इतका की रंगरावांनी त्याला पाणी द्यायला सांगितलं. उकंडराव आपले पाटाचं पाणी, खत, झाडांची उंची सांगत सुटलेले. साहेबाच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं. त्यानं दहाचा आकडा मोठा काढला, उकंडरावांनी खाली झोकदार सही ठोकली. सगळ्या तालुक्यात सरकारला जास्त लिहून देणारा माणूस शोधून सापडला नसता. तो सत्यभामाबाईच्या पदरात पडलेला होता.

पाहुणे गेल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, अकरा शेराचे दहा मण कुठल्या पायलीनं मोजले? त्यावर यांचं उत्तर असं, की वहीत काय लिहिलं ते कोण पाहतं, पण सोयरीक पक्की झाली की नाही ते बघ. आणि सोयरीक झाली होती, हे तिला नाकारता येईना. रंगराव जाता जाता कोकिळेला कुंकू लावून, जेठाच्या सुरुवातीची तारीख धरून गेले होते.

पंधरा दिवसांनी कडूबा चिठ्ठी घेऊन आला. वैशाखात वजन होईल, माल दाखवावा, कर भरावा. कराची रक्कम त्यानं वाचून दाखवली तेव्हा उकंडराव खाटेवर बसले. बैलजोडी विकली तरी वर काही घालावं लागलं असतं. माल नसला तर तो चोरून विकला असं धरणार आणि दंड वेगळा. सत्यभामाबाई त्यांना काही बोलली नाही. बोलायचं बावीस वर्षांत बोलून झालं होतं.

उकंडरावांनी मग एक शक्कल लढवली. माल दाखवायचा ना, मग माल गोळा करू. ही गोष्ट त्यांनी गावात दोघांच्या कानावर घातली आणि संध्याकाळपर्यंत लोकांची रीघ लागली. कडब्यातली, कणगीतली, देवघरातली, गावानं लपवलेली सगळी तंबाखू फडक्यात बांधून यांच्या घरात येऊ लागली. लोकांच्या दृष्टीनं याहून सोयीचं काय? घरात चोरीचा माल सांभाळण्यापेक्षा उकंडरावांच्या नावावर गेलेला बरा. कराचा आपापला हिस्सा देऊ, असं प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. दोन दिवसांत मधलं घर भरलं, माणसं शिंकून शिंकून बेजार झाली आणि उकंडरावांच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं. बघ म्हणाले, जमले ना दहा मण. दुसऱ्याच्या तंबाखूवर स्वतः कर भरायचा आणि वर आनंद मानायचा, हे पाहून सत्यभामाबाईचं डोकं अक्षरशः ठणकायला लागलं. गावकऱ्यांचा हिस्सा म्हणजे काय चीज असते हे तिला शाळेच्या वर्गणीपासून ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली आणि एकेकाला बोलावून ज्याचं गाठोडं त्याच्या हवाली केलं. कुणी रागावलं, कुणी तिला व्यवहार कळत नाही म्हणालं. तिनं घर झाडून काढलं.

मग कडूबालाच तिनं साहेबाकडं विचारायला धाडलं, की लिहिण्यात चूक झाली असेल तर काय करायचं? उत्तर आलं, चूक झाल्याचा जबाब द्या, वजन करून दाखवा आणि लिहून दिलं तेव्हा हजर असलेला बाहेरगावचा माणूस पंच म्हणून आणा. हजर असलेला बाहेरगावचा माणूस एकच होता. रंगराव.

उकंडरावांनी हात जोडले. बैल विकू, पण व्याह्यांसमोर माझी फजिती करू नकोस म्हणाले.

“बैल गेले त मिरगाले जूखाली कोन, तुमी?” सत्यभामाबाईनं विचारलं.

रात्र गेली, दिवस गेला, तिचं ठरेना. कर मानेवर बसला तर यंदाची पेरणी गेली, शेत गेलं की लग्न तरी कशावर करायचं? आणि रंगरावांना बोलावलं तर लग्न आत्ताच मोडतं. जिचा बाप दहा मण सांगून अकरा शेर दाखवतो ती पोरगी कोण करील? त्यात तिचं स्वतःचं एक दुखणं होतं. कोकिळेला लहानपणी गोवर आला होता आणि त्यात तिचा डावा कान गेला. बघायला आले त्या दिवशी पोरीला कसं बसवायचं, उजवा कान पाहुण्यांकडं कसा राहील, हे सत्यभामाबाईनं आदल्या दिवशी पाट मांडून पाहिलं होतं. ती खोटं काहीच बोलली नव्हती. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच. नवऱ्याच्या बोलण्यावर बावीस वर्षं चरफडणाऱ्या बाईला आपल्या या गप्प राहण्याचं काही वाटत नव्हतं असं नाही, पण पोरीच्या आईनं आणखी करायचं तरी काय? शेवटी तिनं मनाशी ठरवलं, तंबाखूचं खरं सांगू, कानाचं नाही. आणि कडूबाला मोताळ्याकडं पाठवलं.

वजनाच्या दिवशी ओसरीवर तीच माणसं पुन्हा बसली. साहेब, कडूबा, रंगराव, उकंडराव. तंबाखूसाठी काटा टांगला. सव्वा अकरा शेर भरली. साहेबानं काट्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं आणि उकंडरावांकडं असं पाहिलं की त्यांची मान आपोआप खाली गेली. जबाब त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचा होता. त्यांनी तोंडातली तंबाखू थुंकून टाकली. मग म्हणाले, “मी खोटं सांगतलं. पावने व्हते म्हनून सांगतलं.” साहेबानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. रंगरावांनी खाली अंगठा उठवला.

आता सुटलो असं वाटून सत्यभामाबाईनं दाराआड श्वास सोडला, तर साहेब म्हणतो, जबाब वर पाठवतो, हुकूम येईल तेव्हा येईल. तोवर कर उभाच. गावाचे आकडे नागपूरला गेले, नागपूरचे दिल्लीला गेले, सगळ्यांची बेरीज होऊन तेवढा पैसा येणार असं धरून लढाईचा खर्चही मांडून झाला. त्यातून दहा मण आता कसे काढणार?

हे ऐकल्यावर मात्र तिला राहवेना. व्याही बसलेले असोत की कुणी, ती पदर डोक्यावर ओढून सरळ बाहेर आली.

“जे घरात नाई ते धरून खर्च करून बसले? म्हंजे तिकडंबी कोनी उकंडराव बसेल हाय म्हना.”

कडूबानं हसू दाबायला तोंड फिरवलं. साहेब रागावला नाही. तोही बिचारा दीड महिना उन्हातून वही घेऊन फिरत होता. हुकूम लवकर यावा म्हणून शेरा लिहितो, एवढंच म्हणाला आणि लिहायला लागला.

रंगराव अजून उठले नव्हते. त्यांनी उकंडरावांकडं तोंड केलं.

“तंबाखूचं समजलं. आता पोरीचंबी जे असन ते सांगा, व्याही.”

सत्यभामाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तिला खात्री होती, आता हा माणूस पोरीला सरस्वती करून टाकणार, आणि आज पहिल्यांदा तिला ते चाललं असतं. पण एकदा खरं बोलल्यामुळं म्हणा, की बोलून दमल्यामुळं म्हणा, उकंडरावांना त्या दिवशी वाढवून सांगणं जमेना. ते म्हणाले, “सैपाक करते. भाकर जाड होते तिची. राबायले चांगली हाय. डाव्या कानानं ऐकू येत नाई.”

बावीस वर्षांत खरं बोलायला या माणसाला हाच दिवस सापडावा. तिला ओरडावंसं वाटलं, आणि नक्की कशावर ओरडायचं तेच कळेना. नवरा एवढंच तर करत होता, जे तिनं त्याच्याकडून जन्मभर मागितलं होतं.

 रंगरावांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

“ईनबाई, तुळशीराम जिनात नाई,” ते म्हणाले. “पलटनीत हाय. पौषातच भरती झाला. आता कुठं हाय ते कागदावर लिहू देत नाईत. लढाईतल्या पोराले कोनी पोरगी देत नाई, म्हनून मी जिनाचं सांगतलं. मागनं काई ठेवलं नाई तेबी त्याच्याचसाठी. आमाले कानाचं काई नाई. सुट्टी भेटली त तारीख तीच ठेवू.”

 सत्यभामाबाईला वाटलं, ही लढाई काही आपल्याला सोडत नाही. रॉकेल नेलं, पैशाच्या मधलं तांबं नेलं, तंबाखूवर आली, आणि आता पोरीच्या कपाळापाशी येऊन बसली. गेला महिना तिनं हे लग्न मोडेल या धास्तीत काढला होता. रंगराव वाईट माणूस नव्हता. लपवलेलं त्यानं आपणहून सांगितलं होतं. पोरगी कानासकट पदरात घ्यायला तो तयार होता, असं दुसरं कोण भेटणार? आणि तरी तिच्या तोंडून जे निघालं ते तिचं तिलाच नवं होतं.

“लढाई सरली की या, दादा. पोराले घेऊन या. तवर मी पोरगी देत नाई.”

रंगरावांनी उकंडरावांकडं पाहिलं. घरधनी काही वेगळं बोलतो का, यासाठी. उकंडरावांनी फक्त मान हलवली, बायको म्हणते तेच.

“पन ते सरन कवा?” रंगराव म्हणाले. विचारलं असं कुणालाच नाही, पण सगळ्यांच्या नजरा साहेबाकडं गेल्या. सरकारचा माणूस तिथं तोच एक होता. त्यानं वही दोरीनं बांधता बांधता हात थांबवले.

“मला कोण सांगतं?” तो म्हणाला. “पुढच्या सालच्या वह्या मात्र मागच्याच आठवड्यात छापून आल्या.”

रंगराव पागोटं घालून उठले. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाले, वाट लांबची आहे म्हणाले. उकंडराव त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेले.

सत्यभामाबाई आत आली. कोकिळा चुलीपाशी बसलेली होती. हिरवी काकणं भरायला कासारीण उद्या यायची होती, त्यासाठी तिनं हातातली जुनी काढून कोनाड्यात ठेवली होती. आईला पाहून तिनं विचारलं, काय ठरलं? सत्यभामाबाईनं खाली पाहत, हळू आवाजात सगळं सांगितलं. पोरीनं मान वळवून उजवा कान पुढं केला, म्हणाली, काय? मग तेच सगळं तिला पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगावं लागलं.